सविता पुनियाच्या कारकिर्दीविषयी : एका प्रतिक्रियेला उत्तर

सस्नेह नमस्कार.

भारतीय महिला हॉकी संघाची गोलरक्षक सविता पुनिया हिच्यावरील माझा लेख आपण बारकाईने वाचलात आणि मतभेद स्पष्ट शब्दांत कळवलेत, याबद्दल आभारी आहे. आपले तीन आक्षेप आहेत. जानेवारी २०२४ मध्ये रांचीतील पात्रता स्पर्धेत तिच्याच नेतृत्वाखाली भारताचे पॅरिस ऑलिम्पिक हुकले, त्याचा लेखात उल्लेख नाही. आंतरराष्ट्रीय हॉकी महासंघाचे पुरस्कार तिला भारतीय चाहत्यांच्या मतांमुळे मिळाले. आणि टोकियो ऑलिम्पिकमध्ये कांस्यपदकाच्या सामन्यात जिने चार गोल स्वीकारले, तिला महान म्हणणे ही अतिशयोक्ती आहे.

पहिला आक्षेप मला पूर्णपणे मान्य आहे. रांचीचा उल्लेख गाळणे ही माझी चूक होती. पुरस्कारांविषयीची आपली शंकाही निराधार नाही. २०२१ मध्ये महासंघाचे सगळे पुरस्कार भारतीय संघांच्या खेळाडूंना आणि प्रशिक्षकांना मिळाले, तेव्हा बेल्जियमच्या हॉकी संघटनेने मतदानाच्या पद्धतीवर उघड नाराजी व्यक्त केली होती. त्यानंतरही सलग दोन वेळा सविताच सर्वोत्तम गोलरक्षक ठरली, हे खरे असले तरी माझे मत त्या पुरस्कारांवर आधारलेले नाही, त्यामुळे ते आपण बाजूला ठेवू.

तिसरा आक्षेप मात्र मला मान्य नाही. आपण स्वीकारलेले गोल मोजता. पण गोलरक्षकापर्यंत किती चेंडू आले, ते कोठून आले आणि त्यांतले किती तिने परतवले, हे पाहिल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ येत नाही.

टोकियोतील २ ऑगस्ट २०२१ चा उपांत्यपूर्व सामना आठवून पाहावा. ऑस्ट्रेलियाचा संघ गटातील पाचही सामने जिंकून आला होता, तर भारत पहिले तीन सामने हरून, आयर्लंड आणि दक्षिण आफ्रिका यांना नमवून कसाबसा पुढे सरकला होता. बाविसाव्या मिनिटाला गुरजीत कौरने गोल केला, आणि उरलेला बराच वेळ तो एक गोल राखण्यात गेला. ऑस्ट्रेलियाला सात पेनल्टी कॉर्नर मिळाले. पेनल्टी कॉर्नरच्या वेळी गोलरक्षकासह फक्त पाच जणींना गोलरेषेमागे थांबता येते, बाकीच्या खेळाडू मध्यरेषेपलीकडे असतात. चेंडू आत ढकलला गेला की एक बचावपटू थेट फटका मारणारीच्या अंगावर धावते, आणि तिच्या धावण्यामुळे गोलरक्षकाची नजर काही क्षण झाकली जाते. सरळ फटका असेल तर तो गोलफळीच्या, म्हणजे गोलच्या तळाशी असलेल्या बुटक्या फळीच्या, उंचीतच यावा लागतो, पण ड्रॅगफ्लिकला, म्हणजे काठीने ओढत उचलून फेकलेल्या चेंडूला, ती मर्यादा नसल्याने ३.६६ मीटर रुंद आणि २.१४ मीटर उंच अशी संपूर्ण चौकट राखावी लागते. सातही वेळा भारताची चौकट अभेद्य राहिली, सामना १-० असा संपला आणि भारतीय महिला संघ ऑलिम्पिकच्या उपांत्य फेरीत पहिल्यांदाच पोहोचला. आक्रमण दुबळे पडले असते तर दुसऱ्या कोणी ते भरून काढले असते. त्या दिवशी सविता चुकली असती तर तिच्यामागे कोणीही नव्हते.

आता कांस्यपदकासाठीचा, ब्रिटनविरुद्ध ३-४ असा गमावलेला सामना. त्या दिवशी समोरच्या गोलात मॅडी हिंच उभी होती, आणि गुरजीत व वंदना कटारिया यांनी दुसऱ्या सत्रात अवघ्या काही मिनिटांत तिच्यावर तीन गोल केले. म्हणून २०१६ मध्ये रिओच्या अंतिम सामन्यात नेदरलँड्सला शूटआउटमध्ये (बरोबरीनंतर एकेका खेळाडूने आठ सेकंदांत एकट्या गोलरक्षकाला चकवून गोल करण्याची चढाओढ) एकही गोल करू न देणाऱ्या हिंचचे मोठेपण कोणी नाकारत नाही. हाच न्याय सविताला का लावू नये?

रांचीकडेही याच दृष्टीने पाहतो. जर्मनीविरुद्धची उपांत्य लढत २-२ अशी बरोबरीत सुटली आणि शूटआउटमध्ये आपण ३-४ असे हरलो. पुढे तिसऱ्या स्थानाच्या लढतीत जपानने एकच गोल केला, तोही सुरुवातीलाच. उरलेल्या वेळात पेनल्टी कॉर्नर मिळूनही आपल्याला गोल करता आला नाही. हा पराभव संघाचा आहे आणि कर्णधार म्हणून तिचाही आहे. गोलरक्षकाने कर्णधार असावे का, याविषयी तर मलाच शंका आहे, कारण स्वतःच्या वर्तुळात अडकलेल्या खेळाडूला दूरच्या टोकाला चाललेल्या आक्रमणाला वेळेवर दिशा देता येत नाही. परंतु तो नेतृत्वाचा प्रश्न झाला; गोलरक्षणाचे मूल्यमापन त्यावरून करणे मला योग्य वाटत नाही.

ऑगस्ट २०२२ मधील बर्मिंगहॅमचे दोन दिवस मला या संदर्भात महत्त्वाचे वाटतात. राष्ट्रकुल स्पर्धेच्या उपांत्य सामन्यात ऑस्ट्रेलियाचा शूटआउटमधील पहिलाच प्रयत्न सविताने अडवला, पण आठ सेकंदांचे घड्याळ सुरूच झाले नव्हते, म्हणून तो पुन्हा घेण्यात आला आणि दुसऱ्या वेळी गोल झाला. भारत शूटआउटमध्ये ०-३ असा हरला. महासंघाने नंतर दिलगिरी व्यक्त केली. दोनच दिवसांनी न्यूझीलंडने अखेरच्या अर्ध्या मिनिटात पेनल्टी स्ट्रोकवर बरोबरी साधली, आणि पुन्हा शूटआउटची वेळ आली. या वेळी सविताने एकच गोल होऊ दिला आणि सोळा वर्षांनंतर या स्पर्धेत भारतीय महिला संघाला पदक मिळाले. इतक्या कटू अनुभवानंतर अठ्ठेचाळीस तासांत त्याच जागी तितक्याच शांतपणे उभे राहणे, हे मी पाहिलेल्या हॉकीतले सर्वांत अवघड काम होते असे मी मनापासून म्हणतो.

हरियाणातील सिरसा जिल्ह्यातल्या जोधकां गावची ही मुलगी आजोबांच्या आग्रहाने हॉकीकडे वळली, २००८ मध्ये संघाबरोबर परदेश दौऱ्यावर गेली, आणि तरीही पहिल्या आंतरराष्ट्रीय सामन्यासाठी तिला २०११ पर्यंत थांबावे लागले. मे २०२४ मध्ये कर्णधारपद सलीमा टेटेकडे गेल्यावरही ती संघात राहिली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये राजगीरला चीनविरुद्धचा आशियाई चॅम्पियन्स करंडकाचा अंतिम सामना भारताने जिंकला, तोही १-० असाच.

रांचीवरील परिच्छेद मी मूळ लेखात आजच जोडत आहे. ‘महान’ हा शब्द मात्र तसाच ठेवत आहे.