एफस्टॅबमधली ती एक ओळ

परत तेच! दोन नोडचा क्लस्टर, म्हणजे एक सर्व्हर पडला तर दुसऱ्याने काम उचलायचं अशी जोडी, ती सांभाळणारा पेसमेकर व्यवस्थित चाललेला, आणि कुणीतरी सॅनवरच्या (स्टोरेज नेटवर्कवरच्या) शेअर्ड डिस्कची एंट्री दोन्ही सर्व्हरच्या एफस्टॅबमध्ये, म्हणजे बूट होताना आपोआप माउंट करायच्या (जोडायच्या) डिस्कच्या यादीत, टाकून मोकळा. का, तर "सर, रीबूटनंतर माउंट होत नव्हतं." अरे बाबा, आपोआप होऊच नये म्हणून तर एवढा खटाटोप केलाय! डिस्क कुठे लावायची ते क्लस्टर ठरवणार. आधी व्हॉल्यूम ग्रुप (डिस्कचा गट) ॲक्टिव्हेट, मग फाइलसिस्टम, मग व्हर्च्युअल आयपी (चालू नोडसोबत फिरणारा पत्ता), शेवटी डेटाबेस. एक्सएफएस ही एका वेळी एकाच सर्व्हरने वापरायची फाइलसिस्टम; ती एकाच वेळी दोन्हीकडे माउंट झाली की दोघेही आपापल्या समजुतीने लिहीत सुटतात. एकाच सातबाऱ्यावर दोन भावांनी परस्पर व्यवहार केल्यासारखं. मग बसा बॅकअप शोधत. दोन्हीकडून लिहायचंच असेल तर जीएफएस२ ही त्यासाठीचीच फाइलसिस्टम आहे ना, दोन्ही नोडमध्ये कुलपं सांभाळणाऱ्या डीएलएमसकट. पण वाचतंय कोण!

आणि हे कळतं कधी? शुक्रवारी संध्याकाळी, कॅब हिंजवडी-वाकडच्या कोंडीत मुंगीच्या पावलाने सरकत असताना. मांडीवर लॅपटॉप, हॉटस्पॉटची रेंज येतेय-जातेय, कसंबसं लॉगिन करून बघावं तर स्टोनिथ-इनेबल्ड इक्वल्स फॉल्स, म्हणजे स्टोनिथच बंद! म्हणे रिसोर्स (क्लस्टरने चालवायच्या डिस्क, आयपी, डेटाबेस वगैरे गोष्टी) सुरू होत नव्हते, म्हणून बंद केलं. बिघडलेल्या नोडला खात्रीने आडवा करणारी सोय, तीच काढून टाकली. वर सोमवारच्या मीटिंगमध्ये हेच लोक विचारणार, "हाय अव्हेलेबिलिटी होती ना, मग डाउन कसं झालं?"