‘स्माइट’ स्मितातून आला नाही, आणि ‘स्मिथ’ही स्माइटमधून नाही

इंग्रजी ‘स्माइट’ म्हणजे ठार मारणे. तो संस्कृत ‘स्मित’वरून आला, म्हणून प्रेमात पडलेला ‘स्मिटन’. आणि लोखंडाला स्माइट करतो तो ‘स्मिथ’, म्हणजे लोहार. हा मजकूर मोबाइलवरून फिरतोय. भाचीने तो शाळेच्या वहीत उतरवून घेतला, आता गप्प बसवत नाही.

अर्थाचं आधी उरकू. स्माइट म्हणजे जोरात मारणे. १६११ च्या ‘किंग जेम्स’ या इंग्रजी बायबलात इजिप्तची थोरली मुलं मारली जातात तिथे हे क्रियापद आहे, हे खरं. पण उजव्या गालावर कुणी मारलं तर दुसरा पुढे कर, या वचनातही तेच आहे. थपडेने कुणी मरत नाही.

संस्कृतचा दावा सगळ्यात वाईट, कारण तो ऐकताक्षणी पटतो. ध्वनी वाटेल तसे बदलत नाहीत. संस्कृत ‘त’च्या जागी इंग्रजीत ‘थ’ येतो, शब्दामध्ये कधी ‘ड’: त्रि–थ्री, तनु–थिन, शत–हंड्रेड. इंग्रजी ‘ट’समोर संस्कृतात ‘द’ लागतो: द्वि–टू, दश–टेन, पाद–फूट. मग ‘स्मित’चा स्माइट होणार कसा? ‘स्मि’ धातूचं इंग्रजीत नातं आहे, पण ‘स्माइल’शी. एवढंच मान्य.

स्माइटचं जुन्या इंग्रजीतलं रूप ‘स्मीतान’, आणि त्याचा मूळ अर्थ माखणे, डाग पाडणे. गॉथिक ही इंग्रजीच्या नात्यातली जुनी भाषा; बायबलच्या चौथ्या शतकातल्या गॉथिक भाषांतरात येशू थुंकीत कालवलेली माती आंधळ्याच्या डोळ्यांना लावतो, तिथे याच मुळाचं क्रियापद आहे. मारणं दूरच, तो उपचार आहे! मग लिंपण्यातून मारणं कसं आलं? कुडाची भिंत लिंपताना चिखल नुसता फासून चालत नाही. गोळा जोराने थापावा लागतो, नाहीतर तो काटक्यांच्या फटीत शिरत नाही आणि वाळला की पोपडा सुटतो. अर्थ असाच सरकला असावा, असं काही भाषाशास्त्रज्ञ मानतात. आपणही गोवऱ्या थापतो आणि थापडही मारतो. इंग्रजीत मारण्याचा अर्थ बाराव्या शतकाच्या सुमारास दिसतो. ‘स्मिटन’ म्हणजे घाव बसलेला. प्रेमाचा अर्थ सतराव्या शतकातला.

राहिला स्मिथ. जर्मन ही इंग्रजीची बहीण. इंग्रजी ‘थ’ला जर्मनमध्ये ‘ड’ येतो: ब्रदर–ब्रूडर, तसं स्मिथ–श्मीड. ‘ट’ला मात्र ‘स’: वॉटर–वासर, तसं स्माइट–श्मायसन, म्हणजे फेकणे. मुळं दोन, वेगवेगळी. शिवाय स्मिथ म्हणजे मुळात कुठलाही कारागीर. आइसलँडमध्ये सुतारही ‘त्रेस्मिदुर’, लाकडाचा स्मिथ.