एकोणीस जणांचा कारखाना

नाशिकजवळच्या अंबडच्या औद्योगिक वसाहतीत कामाच्या शोधात आलेल्या नवख्याने सर्वप्रथम विजेच्या खांबांवर डकवलेले कागद नीट वाचायला शिकावे. ‘हेल्पर पाहिजेत. बारा तास ड्यूटी. सुविधा : पी.एफ., ई.एस.आय.सी., चहा मोफत.’ संसदेने 1952 साली केलेला भविष्य निर्वाह निधीचा कायदा, त्याच्याही आधीचा 1948 चा कर्मचारी राज्य विमा कायदा आणि दुपारी चार वाजता किटलीतून येणारा अर्धा कप चहा ही तिन्ही एकाच ओळीत मांडलेली पाहून तुम्ही गोंधळू नका. कायद्याने जे द्यावेच लागते त्याला इकडे सुविधा म्हणतात, आणि एकदा सुविधा म्हटले की ती देणाऱ्याच्या मर्जीची होते. म्हणून मिळाली तर आभार मानावेत आणि नाही मिळाली तर विषय काढू नये. चहाच्या बाबतीत मात्र मालकाला कधी दोष देऊ नये, तो वेळेवर येतो.

अशाच एका कारखान्याच्या टाइम ऑफिसात मी काही वर्षे मस्टर सांभाळले आहे, त्यामुळे हा सल्ला ऐकीव नाही. तिथे मला कळले की कामगार कायदा हा मुळात आकड्यांचा कायदा आहे. दहा कामगार झाले की राज्य विमा लागू होतो, वीस झाले की भविष्य निर्वाह निधी, पन्नास झाले की पाळणाघर. कायदा करणाऱ्यांनी हे आकडे कामगारांच्या सोयीसाठी ठरवले असतील. आमच्याकडे ते वेगाची मर्यादा दाखवणाऱ्या पाट्यांसारखे वाचले जात. तुम्हाला चांगला कामगार व्हायचे असेल, तर विसावा होण्याचा हट्ट धरू नका, कारण एकदा वीस माणसे झाली आणि निधी लागू झाला की पुढे माणसे कमी झाली तरी तो सुटत नाही. इतका चिवट कायदा अंगाला लावून घेण्यापेक्षा शेडच्या मधोमध पत्र्याचे पार्टिशन घालून अलीकडची कंपनी स्वतःच्या आणि पलीकडची सौभाग्यवतींच्या नावाने चालवणे शहाणपणाचे ठरते. शटर एक, पाट्या दोन, कॉम्प्रेसर सामाईक. अशी वेगवेगळी दाखवलेली युनिटे एकच आस्थापना धरावीत असे कायद्यात लिहिलेले आहे, परंतु त्यासाठी कोणीतरी पार्टिशनच्या दोन्ही बाजूंना डोकवावे लागते.

समजा, नशिबाने तुम्ही मोठ्या कंपनीत लागलात. मग तुमच्या हातात पगाराची स्लिप येईल आणि तिच्यात मूळ वेतन सोडून इतर सर्व गोष्टी भरघोस दिसतील. घरभाडे भत्ता, प्रवास भत्ता, धुलाई भत्ता, शिक्षण भत्ता आणि यांपैकी कशातच न बसणारा विशेष भत्ता. धुलाई भत्त्याचा आकडा पाहून आपले कपडे इतके मळतात तरी कधी, असा प्रश्न पडेल. तो मनातच ठेवावा. निधीचे 12 टक्के मूळ वेतन आणि महागाई भत्त्यावर कापले जात असल्यामुळे मूळ वेतन जितके बारीक, तितका मालकाचा हिस्साही बारीक, एवढेच त्यामागचे शास्त्र आहे. सर्वांना सरसकट दिला जाणारा विशेष भत्ता हे मूळ वेतनच होय, असे सर्वोच्च न्यायालयाने 2019 साली सांगितले, तेव्हा आमच्या टाइम ऑफिसात त्या भत्त्याचे नाव बदलण्यासाठी एक तातडीची बैठक झाली होती. आता नोव्हेंबर 2025 मध्ये 29 जुने कायदे गुंडाळून चार संहिता लागू झाल्या आहेत आणि भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्यापेक्षा जास्त झाले तर वरचा भाग वेतनातच धरायचा, असे त्यांत म्हटले आहे. तुम्ही चिंता करू नका, नावे सुचवणारी माणसे अजून नोकरीतच आहेत. आणखी एक : मालकाचाही हिस्सा तुमच्याच ‘सीटीसी’त (कंपनीचा तुमच्यावरचा एकूण खर्च) धरलेला असतो. म्हणजे तुमचे 12 टक्के तुम्ही भरता, मालकाचे 12 टक्केही तुमच्याच पॅकेजातून जातात, आणि वर मालकालाच उदार म्हणता.

आता पगारवाढीबद्दल. ती मागताना फार सांभाळावे. जानेवारी 2017 मध्ये राज्य विम्याची वेतनमर्यादा 21,000 रुपये झाली. आमच्याकडच्या एका ऑपरेटरचा पगार 20,800 रुपये होता; त्यातून 0.75 टक्के म्हणजे 156 रुपये विम्याला जात आणि मालक 3.25 टक्क्यांनी 676 रुपये भरत असे. त्या बदल्यात तो स्वतः, बायको, मुले आणि त्याच्यावर अवलंबून असलेले आईवडील या सगळ्यांच्या औषधपाण्याची सोय होती, शिवाय तो आजारी पडून घरी राहिला तर वर्षातले 91 दिवस पगाराच्या 70 टक्के रक्कम मिळाली असती. दवाखान्यात रांग लांब असते, औषधाच्या खिडकीवर ‘उद्या या’ ऐकावे लागते, हे सगळे खरे. पण बिल येत नाही. या माणसाला 500 रुपयांची वाढ मिळाली आणि त्याने सबंध खात्यात पेढे वाटले. वर्गणीची अर्धवार्षिक मुदत संपताच तो विम्याच्या मर्यादेतून बाहेर पडला आणि कंपनीच्या ग्रुप मेडिक्लेमच्या छत्राखाली आला. तिथे कुटुंब या शब्दाचा अर्थ पती, पत्नी व दोन मुले असा होता. त्याच्या आईचा मोतीबिंदू पिकला तेव्हा ती कुटुंबात बसत नाही असे त्याला समजले. तो रजेचा अर्ज घेऊन माझ्या टेबलाशी आला आणि कारणाच्या रकान्यात ‘आईचे ऑपरेशन’ लिहून थोडा वेळ तसाच उभा राहिला, मग म्हणाला, “साहेब, ते पाचशे परत घेता येतात का?” मी त्याला नियम समजावून सांगितला. ही माझी नोकरीच होती.

पत्नी या कुटुंबात बसली तरी हुरळून जाऊ नये. रुग्णालयातल्या खोलीचे भाडे पॉलिसीतल्या मर्यादेपेक्षा वर गेले, तर फक्त तेवढा फरक कापतात असे तुम्हाला वाटेल. प्रत्यक्षात पुष्कळ पॉलिसींत डॉक्टरांची फी आणि ऑपरेशन थिएटरचा खर्चही त्याच प्रमाणात कापला जातो. त्यामुळे आजारी माणसाला जनरल वॉर्डात हवा खेळती असते, असे आधीपासूनच घरच्यांच्या मनावर बिंबवत राहावे. खासगी लाभांपैकी उरलेले, म्हणजे कॅन्टीनमधली रक्तदाबाची तपासणी, सेकंड शिफ्ट सुटल्यावर ठेवलेले ताणतणावावरचे व्याख्यान आणि दिवाळीला मिळणारे नाशिकच्या चिवड्याचे पाकीट, हे बिनशर्त असतात. चिवडा खरोखर चांगला असतो.

ग्रॅच्युइटी (नोकरी सुटताना मिळणारी एकरकमी रक्कम) हा संयमाचा विषय आहे. 1972 च्या कायद्याने सलग पाच वर्षे सेवा केलेल्याला दर वर्षामागे पंधरा दिवसांचे वेतन देऊ केले आणि महिना 26 दिवसांचा धरला. मूळ वेतन 13,000 असेल तर वर्षाचे 7,500, पाच वर्षांचे 37,500. या रकमेचा मोह टाळावा म्हणून ठेकेदार तुम्हाला चार वर्षे सरली की गावी जाऊन यायला सांगेल. त्याला ‘ब्रेक’ म्हणतात. तुम्ही पेठ-सुरगाण्याकडचे असाल तर भाताची लावणी उरकून परत याल, तोवर तुमचा नवा गेटपास तयार असेल. मशीन तेच, लॉकर तोच, सेवा मात्र पहिल्या दिवसाची. नव्या संहितेत मुदतीच्या करारावरील कामगाराला एका वर्षातच ग्रॅच्युइटीचा हक्क दिला आहे. तेव्हा यापुढे करार अकरा महिन्यांचे निघाले तर दचकू नका, भाड्याच्या खोलीत राहिलेल्या माणसाला अकरा महिन्यांचे अप्रूप नसते.

निधीला जोडलेला एक विमाही आहे, त्यात वारसांना 7 लाखांपर्यंत मिळू शकतात. यासाठी कामगाराला स्वतः एक रुपयाही भरावा लागत नाही, फक्त सेवेत असताना मरावे लागते. जो हे करू शकत नाही त्याच्यासाठी पेन्शन आहे : दहा वर्षांची सेवा भरल्यावर मिळणारी आणि 2014 साली किमान 1,000 रुपये महिना करण्यात आलेली.

अर्थात हे सर्व पदरात पडण्यासाठी तुमचे नाव सगळीकडे सारखे असावे लागते. तुमच्या आईवडिलांनी हौसेने ज्ञानेश्वर नाव ठेवले असेल तर तुम्ही आत्ताच कामाला लागा. आधारवर ते इंग्रजी ‘डी’ने सुरू होते, बँकेत ‘जी’ने, आणि टाइम ऑफिसातल्या माझ्यासारख्या कोणीतरी घाईत ‘जे’ने लिहिलेले असते. संगणकाच्या दृष्टीने हे तीन इसम आहेत आणि पैसे चौथ्याचे आहेत. दावा फेटाळला गेल्याचा संदेश मात्र योग्य मोबाइल नंबरवर येतो.

शेवटी, एखाद्या सकाळी तपासणीला साहेब येणार असल्याची खबर लागेल. मस्टरवर एकोणीस नावे असतील आणि शेडमध्ये सव्वीस माणसे. सुपरवायझर रांगेतून चालत येईल, ज्यांची नावे साध्या वहीत आहेत अशा सात जणांच्या खांद्यावर हात ठेवेल आणि मागच्या दाराने नाक्यावरच्या टपरीवर जाऊन बसायला सांगेल. तुम्ही त्या सातांत असाल तर तत्काळ उठावे, हातमोजे मशीनवर ठेवू नयेत, सोबत न्यावेत. टपरीवरच्या चहाचे पैसे तुम्हालाच द्यावे लागतील. खांबावरच्या कागदात जो चहा मोफत म्हटला आहे, तो आतल्यांसाठी असतो.