येवा म्हणतात, रवा कोण म्हणत नाय

कोकणात शिरलं की "येवा, कोकण आपलोच असा" हे वाक्य कुठे ना कुठे वाचायला मिळतंच. रिक्षाच्या मागे, खानावळीच्या पाटीवर, टी-शर्टवर, कुठेही. मी ते वाक्य इतकी वर्षं अगदी मनावर घेतलं होतं. गेल्या डिसेंबरात लक्षात आलं की त्यात 'येवा' आहे पण 'रवा' कुठेच नाहीये. मालवणीत रवा म्हणजे राहा. आमच्या घाटावर रव्याचा उपमा होतो आणि मालवणात तो बांगड्याला लावून तळतात एवढंच मला माहीत होतं, हा तिसरा अर्थ मला 27 डिसेंबरला दुपारी दोन वाजता देवबागच्या रस्त्यावर, एसी बंद केलेल्या गाडीत, मागून हॉर्न खात असताना कळला.

चूक माझीच. मी 1996 साली कॉलेजच्या मित्रांबरोबर मालवणला आलो होतो, तेव्हा एसटी स्टँडजवळ एका लॉजवर कॉट बेसिसवर राहिलो होतो, माणशी 40 रुपये, त्यात सकाळचा चहापण. पुढच्याच वर्षी 1997 ला सरकारने सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर केला. आमची सहल बघूनच केला असावा. तर तो 40 चा आकडा डोक्यात धरून, महागाई वगैरे मोठ्या मनाने जमेस धरून मी घरात जाहीर केलं की ह्या वेळी मालवणात राहायला आपण दिवसाला 2000 च्या वर एक रुपया देणार नाही. बायको काही बोलली नाही. वीस वर्षांच्या अनुभवावरून सांगतो, ती काही बोलली नाही की समजायचं की बोलणं नंतर आहे.

फोन सुरू केले डिसेंबरच्या दहा तारखेला. पहिला प्रश्न सगळीकडे एकच, "किती जण?" नाव नाही, गाव नाही, डायरेक्ट किती जण. मी म्हणायचो पाच. मग त्या पाचांची उलटतपासणी. मी, बायको, आई, मुलगा आठवीत, मुलगी चौथीत. "मुलगा केवढा?" तेरा. "मग मोठा, आम्ही बाराच्या वरचा मोठा धरतो." हे सगळं फोन स्पीकरवर असताना झालं आणि मुलाने ऐकलं, तेव्हापासून त्याला रात्री अकरानंतर मोबाईल हवाय कारण तो आता मालवणच्या नियमाने मोठा आहे. तर दोन माणसांची रूम 5500, वरच्या प्रत्येक माणसाला 800, त्यात गादी जमिनीवर. आईने शांतपणे विचारलं की ती गादी आपल्याला घरी नेता येते का.

मग व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो यायला लागले. समुद्राचा फोटो, सूर्यास्ताचा फोटो, माडांचा फोटो, सुरमई थाळीचा फोटो, दोन माडांमध्ये टांगलेल्या झोळीत पडलेल्या कुठल्यातरी गोऱ्या बाईचा फोटो. मी विचारलं, दादा रूमचा फोटो? तर आला एक पलंग आणि त्यावर टॉवेलची घडी घालून केलेलं बदक. बदक सुंदर होतं, नाही म्हणत नाही, पण खिडकी कुठाय, बाथरूम कसंय काही दिसेना. अशी मी आठवड्यात नऊ बदकं गोळा केली.

'सी टच', 'सी फेसिंग', 'सी व्ह्यू', 'सी साइड' आणि 'निअर सी' ह्यातला फरकही मी ह्याच आठवड्यात शिकलो. सी टच म्हणजे उंबऱ्याबाहेर वाळू, रेट 7500, म्हणजे समुद्र टच होतो आणि आपण नाही. सी फेसिंगमध्ये इमारतीचं तोंड समुद्राकडे असतं, तुमच्या रूमचं असेलच असं नाही. आणि निअर सी हे भौगोलिक सत्य आहे, त्या हिशोबाने कणकवलीपण निअर सी आहे, आमच्या पुण्यातल्या सिंहगड रोडच्या मानाने.

अ‍ॅपवर पण बघितलं. एका अ‍ॅपवर एक रूम चक्क 2800 ला दिसली आणि खाली लाल अक्षरात, "आत्ता 3 जण ही रूम बघत आहेत, फक्त 1 शिल्लक!" मी घाबरून हॉलमधून ओरडलो, लवकर या, तीन जण टपलेत. बायको बेडरूममधून ओरडली, माझ्याकडेपण तेच दाखवतंय. मुलगा बाथरूममधून ओरडला, मलापण. तर ते तीन जण आम्हीच होतो. ह्या गोंधळात रेट 3400 झाला, आम्ही आमच्याच घरात एकमेकांविरुद्ध बोली लावून भाव चढवला असं माझं ठाम मत आहे.

ऑफिसातल्या एकाने सांगितलं की मालवणात माझा खास माणूस आहे, नुसतं माझं नाव सांग. सांगितलं. तोपर्यंत 4000 म्हणत होता तो माणूस, नाव ऐकल्यावर दोन सेकंद गप्प झाला आणि 4500 म्हणाला. काय घडलं असेल त्या दोघांमध्ये ते मी अजून विचारलेलं नाही.

शेवटी मी तो निर्णय घेतला जो माझ्या पिढीतले पुरुष घेतात, की जाऊन बघू. अरे कोकण आहे, घरटी एक पाटी असते, 'घरगुती राहण्याची व जेवणाची उत्तम सोय', सरकारची ती निवास-न्याहारी योजना आहे, समोर गिऱ्हाईक उभं राहिलं की माणूस नाही म्हणत नाही. आईपण म्हणाली, एवढी घरं आहेत, कोणी पडवीत जागा देणार नाही का? बायकोने ह्याही वेळी काही बोललं नाही.

पहाटे चारला निघालो, कोल्हापूर, राधानगरी, फोंडा घाट, कणकवली, कसालवरून उजवीकडे मालवण. दीडला पोचलो. तिथून वायरी, तारकर्ली, देवबाग असा एकच चिंचोळा रस्ता आहे आणि त्या दिवशी त्यावर महाराष्ट्रातले सगळे पासिंगचे नंबर उभे होते, एमएच 12 एवढे की क्षणभर वाटलं आपण निघालोच नाही.

देवबाग ज्यांनी बघितलं नाही त्यांना सांगतो, ती एक जमिनीची पट्टी आहे, एका बाजूला अरबी समुद्र आणि दुसऱ्या बाजूला कर्ली नदी, शेवटी दोघांचा संगम. काही ठिकाणी इतकी अरुंद की एका घराच्या पुढच्या दारात समुद्र आणि मागच्या दारात नदी. अशा जागी पाणी न दिसणारी खोली बांधायला खरं म्हणजे कौशल्य लागतं, पण मला दाखवली त्यांनी. 5000. मी म्हटलं समुद्र कुठाय, तर तो पोरगा मला बाथरूममध्ये घेऊन गेला, बादली उपडी केली आणि म्हणाला, चढा. व्हेंटिलेटरच्या दोन पट्ट्यांमधून खरोखर एक निळी रेघ दिसत होती. मी दोन मिनिटं बघत राहिलो. खोटं कशाला बोलू, छान वाटलं.

दुसरीकडे तंबू होता. एसी तंबू, 4500. आई चौऱ्याहत्तर वर्षांची आहे, तिने चेनचं दार वर-खाली करून बघितलं आणि म्हणाली, सर्कस कितीला सुटते? तिसरीकडे रूम नवीकोरी, रेट फक्त 3000, मी खूश, आत शिरलो तर रंग ओला आणि दाराच्या जागी चादर. "दार उद्या संध्याकाळी येतंय." मी म्हटलं मग आजची रात्र? तर मालक म्हणाला, "इथे चोऱ्या होत नाहीत." मला पटलं होतं. बायकोला पटलं नाही.

चौथ्या ठिकाणच्या काकांनी मात्र सरबत दिलं आणि बसवलं. रूम नव्हतीच, पण माझ्याशी भांडायला त्यांना वेळ होता. मी म्हटलं, काका हे रेट म्हणजे जरा जास्तच होतंय, तर म्हणाले, "पावसात सगळा बंद. जून ते ऑगस्ट बोट नाय, स्कूबा नाय, गिऱ्हाईक नाय. दिवाळी, हे धा दिवस आणि मे म्हयनो. ह्या धा दिवसांत कमवलंय नाय तर वर्षभर खातलंय काय?" मग पुढे पत्रे उडतात, खाऱ्या हवेने दर वर्षी एसीची पत्र्याची पेटी गंजते, पोरं कामाला मुंबईला, समुद्राकडच्या बाजूला बांधायचं तर 1991 पासून सीआरझेडचे, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामाचे, नियम, सगळं सांगितलं. मी मान डोलावत होतो. सगळं खरं होतं, आणि माझे 2000 पण खरे होते. सरबताचे पैसे मात्र त्यांनी घेतले नाहीत.

साडेचारला परत मालवण बंदरावर. जेट्टीवरून समोर सिंधुदुर्ग किल्ला दिसत होता. मुलगा म्हणाला, बाबा, महाराजांनी 1664 ला काम सुरू केलं ना, त्यांनी बघ थेट समुद्रातच जागा घेतली. मुलीने कुठेतरी वाचलं होतं की किल्ल्यात अजून काही कुटुंबं राहतात. आई लगेच म्हणाली, त्यांच्याकडे विचार ना. आणि आतमध्ये दूधबाव, साखरबाव, दहीबाव अशा गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत म्हणे, म्हणजे पाण्याचीपण सोय आहे. ती मस्करी करत नव्हती.

बायको तेव्हा बोलली. जे बोलली ते इथे लिहीत नाही, पण त्यात 1996 हा आकडा चार वेळा आला.

ह्या सगळ्यात आई बाजारात खाजा घ्यायला गेली होती. मालवणी खाजा, तो गूळ आणि आल्याचा, दाताची परीक्षा बघणारा. अर्धा किलो खाजा घेता घेता तिने दुकानातल्या बाईला आमची सगळी कर्मकहाणी सांगितली, माझ्या बादलीवर चढण्यासकट, आणि ती बाई म्हणाली, माझी मावशी आहे भरड नाक्याच्या मागे, तिच्याकडे पाटी नाही पण विचारून बघा. पंधरा दिवस, तीन मोबाईल, नऊ बदकं, आणि जागा मिळाली ती खाजाच्या दुकानात.

मावशींचं घर म्हणजे पुढे सारवलेलं खळं म्हणजे अंगण, मधे तुळस, पडवी, आत दोन खोल्या. न्हाणीघर खळ्याच्या पलीकडे. त्यांनी किती जण विचारलंच नाही, दारातून मोजलं. मग विचारलं, "खयचे तुमी?"

"पुण्याचे."

"ता कळला. मूळचे खयचे?"

इथे आईने बाजी मारली. तिच्या आजीचं माहेर कणकवलीच्या बाजूचं होतं हे मला पंचेचाळीस वर्षांत पहिल्यांदा कळलं, आणि ते खरं की नाही ह्याची चौकशी मी अजून केलेली नाही. पाच मिनिटांत दोघी पडवीत नारळ फोडत होत्या.

मी व्यवहाराचं बोलायला गेलो. मावशी रेट काय? तर त्या म्हणाल्या, "तुमका वाटात ता देवा."

संपलं. इतका महाग रेट मला अख्ख्या देवबागात कोणी सांगितला नव्हता. 7500 ला निदान नाही म्हणता येतं. तुम्हाला वाटेल ते द्या म्हटल्यावर माणूस काय करणार? रात्री जेवायला बांगड्याचं तिखलं, सोलकढी, मुलांसाठी रवा लावून सुरमई, सकाळी घावणे आणि चटणी, आणि प्रत्येक घासाला माझ्या डोक्यात मीटर पडत होतं. तीन रात्री आम्ही नवराबायको कुजबुजत हिशोब करत होतो. मी म्हणायचो दिवसाचे 2000, ती म्हणायची जेवण धरून 2000 कसे, तुला लाज नाही का, मी म्हणायचो मग 2500, ती म्हणायची सुरमईचा बाजारभाव माहितीये का. दुसऱ्या रात्री हा विषय साडेबारापर्यंत चालला. जुन्या कोकणी घरांत मधली भिंत कौलांपर्यंत गेलेली नसते ही गोष्ट मी विसरलो होतो. पलीकडून मावशींचा आवाज आला, "लायट बंद करा आणि मगे बोला."

समुद्र दिसत नव्हता तिथून. पण रात्री सगळं गप्प झालं की गाज ऐकू यायची, अगदी उशाशी आल्यासारखी, आणि चारला कोंबडा. ह्याला 'सी साउंड' म्हणून 3000 लावता येतील असं मी मावशींना सुचवणार होतो, पण म्हटलं आपल्याच पायावर धोंडा कशाला.

निघताना मी पाकिटात 10,000 घालून दिले, तीन दिवसांचे, सगळं धरून. म्हणजे माझ्या 2000 च्या मर्यादेचं काय झालं ते बघा. मावशींनी पाकीट उघडलं, मोजलं, 500 ची नोट काढून आईच्या हातात ठेवली, "आजीचे कसले पैशे?" आणि मग मला म्हणाल्या, "फुडच्या टायमाक आदी फोन करा हां. नायतर जागा गावाची नाय." म्हणजे मिळायची नाही.

मी नंबर सेव्ह केला, 'मालवण रवा' नावाने. मला वाटलं फार हुशारी केली.

परवा आईने माझा फोन घेतला. तिला वाण्याला फोन करायचा होता, चष्मा नव्हता, तिने सर्चमध्ये नुसतं 'रवा' बोलून जो नंबर आला तो लावला आणि पलीकडून हॅलो व्हायच्या आधीच सुरू झाली, अर्धा किलो बारीक रवा, एक पोहे, आणि पोरगा लवकर पाठव, पाहुणे येतायत.

दोन सेकंद शांतता. मग पलीकडून मावशींचा आवाज आला.

"किती जणां आसात?"