चिखल खाली, बाई वर, बाकी देवाच्या हवाली

अठराव्या शतकातला लंडनचा रस्ता म्हणजे पाऊस, माती, घोड्यांची लीद आणि घराघरांतून फेकलेली घाण यांचा काला. त्यातून चालायचं, तेही पायात रेशमी किंवा पातळ चामड्याचा बूट घालून. बूट वाचवायला बुटाखाली आणखी एक पादत्राण बांधायचं, ते पॅटन.

लाकडी तळ, त्याखाली छोट्या पायांवर बसवलेलं सपाट लोखंडी कडं आणि बुटावरून आवळायचे चामडी पट्टे, एवढाच पसारा. बाई जमिनीपासून काही बोटं वर येते. ही उंची चिखल चुकवायला पुरते, आणि घोटा मुरगळायलाही.

कड्यामागचं डोकं मात्र मला मान्य आहे. सपाट लाकूड चिखलात बसलं की चिकटतं. कड्याला चिखलाने धरावं असं फारसं काही नसतं, शिवाय लाकूड ओलीपासून दूर राहतं. पण तळ वाकत नाही. टाच टेकवून चवड्यावर यायची आपली जन्मजात सवय इथे निकामी! पाय सरळ उचलायचा, सपाट ठेवायचा, पाऊल आखूड टाकायचं. खडावेला निदान खुंटी असते, बोटांत धरता येते. इथे बोटं बुटात कोंडलेली, त्यामुळे सगळी भिस्त पट्ट्यावर. चामडं भिजलं की सैलावतं, म्हणजे ज्या पावसासाठी पॅटन बांधायचे तोच पट्टा ढिला करणार. मग फरसबंदीच्या फटीत कडं अडकलं की पॅटन तिथेच राहतो आणि बाई पुढे जाते. सावरायला हात मोकळे नसतात, कारण त्यांत घागरा धरलेला.

जुने पॅटन नुसते लाकडी असत आणि पुरुषही ते घालत. यान व्हान आइकच्या १४३४ च्या आर्नोल्फिनी दांपत्याच्या चित्रात डावीकडे खाली एक जोड काढून ठेवलेला दिसतो. इंग्लंडात १४१६ साली ॲस्पेनच्या लाकडाचे पॅटन करायला कायद्याने बंदी आली, कारण ते लाकूड बाणांसाठी हवं होतं. इंग्रज तिरंदाजांनी फ्रेंचांना हरवलं ती ॲजिंकोर्टची लढाई आदल्याच वर्षी झालेली. अशा वेळी चिखलाची तक्रार कोण ऐकणार?

कड्याचा दगडावर होणारा खणखणाट वेगळाच. लंडनच्या सेंट मार्गारेट पॅटन्स चर्चमध्ये अठराव्या शतकातली सूचना आहे, बायकांनी आत येताना पॅटन काढावेत. म्हणजे आधी वाकून चिखलाळलेले पट्टे सोडा, प्रार्थना करा, मग गार पडलेल्या ओल्या चामड्याच्या गाठी पुन्हा मारा.

पुढे रस्ते सुधारले, रबरी ओव्हरशू आले आणि पॅटन धुण्याभांड्याच्या ओल्या जागांपुरते उरले. पॅटन बनवणाऱ्या कारागिरांच्या संघाला १६७० मध्ये सनद मिळाली होती, तो संघ लंडनमध्ये अजून आहे. त्याचं लॅटिन ब्रीदवाक्य सांगतं की स्त्रियांना आधार मिळतो तो आमच्याकडून. ते पसंत करणाऱ्यांपैकी एकानेही भर पावसात, दोन्ही हातांत घागरा धरून, फरसबंदी ओलांडली असेल असं मला वाटत नाही.