साठी आली म्हणून दात पडत नाहीत

सोलापुरात कंबर तलावाकाठी सकाळी फिरणाऱ्या मंडळींच्या ग्रुपवरून सुटलेला एक मेसेज फिरत फिरत माझ्याच दवाखान्यात येऊन पोचला. एका काकांनी खुर्चीत बसल्या बसल्या मोबाईल पुढे केला. मथळा होता, ‘साठीनंतर दातांच्या डॉक्टरची पायरी चढू नका.’ खाली पाच मुद्दे. वय झालं की दात पडणारच. मशीननं दात साफ केले की हलायला लागतात. वरची दाढ काढली की नजर जाते. पेस्ट सोडा, मिसरी किंवा मीठ-लिंबू लावा, आपल्या आज्या त्यावरच नव्वदीत कडक भाकरी कडाकडा खायच्या. आणि शेवटी, एकदा कवळी बसली की तोंडाची कटकट संपली.

मी दातांचीच डॉक्टर. म्हणजे मी काही बोलले तर ते धंद्यासाठीच, हे आधीच ठरलेलं. तरी बोलते.

आधी वयाचं. दात पडतात ते मुख्यतः किडीनं आणि हिरड्यांच्या आजारानं. हिरडीच्या कडेला रोज एक चिकट थर बसतो. तो निघाला नाही तर लाळेतल्या कॅल्शियममुळे कडक होतो, दगडासारखा. त्यावरच्या जंतूंनी हिरडी सुजते आणि दात ज्यात रोवलेला असतो ते हाड हळूहळू झिजत जातं. यातली वाईट गोष्ट अशी की हे बहुतेक वेळा दुखत नाही. किडलेली दाढ रात्री झोपू देत नाही, हिरडी मात्र वर्षानुवर्षं गप्प राहते. ब्रशला रक्त लागतं, तोंडाला वास येतो, दात लांब दिसायला लागतात, आणि आपण म्हणतो, वय झालं. साठीला दिसते ती तिशीपासूनची थकबाकी.

वयानं काही बदलतं, हे मात्र खरं. हिरड्या खाली सरकून मुळं उघडी पडतात, आणि मुळांवर दाताचं कठीण कवच नसतं. बीपीच्या, ॲलर्जीच्या, मनाच्या आजारावरच्या काही गोळ्यांनी लाळ कमी होते. लाळ कमी म्हणजे कीड लवकर. घसा कोरडा पडतो म्हणून लिमलेटच्या गोळ्या चघळत बसणारे आजोबा मुळांशी गोल कापल्यासारखी कीड घेऊन येतात. त्यात शुगर असेल तर दुहेरी त्रास. शुगर चढलेली असली की हिरड्या बिघडतात, आणि हिरड्यांत जंतू मुरले की शुगर आटोक्यात राहणं अवघड होतं. म्हणजे साठीनंतर पायरी जास्त वेळा चढायला हवी, आणि मेसेज सांगतोय नेमकं उलटं.

दुसरा मुद्दा, साफ केल्यावर दात हलतात. ही अफवा कुठून आली ते मला ठाऊक आहे, कारण पेशंट खोटं बोलत नसतात. त्यांना तसं खरंच वाटतं. जुन्या वाड्याच्या भिंतीतले दगड ढिले झालेत आणि वरून कुणीतरी सिमेंट थापून ठेवलंय, असं समजा. सिमेंट खरवडलं की दगड हलताना दिसणार, पण ते ढिले आधीच होते. दातांमधला थर निघाला की फटी जिभेला लागतात, सुजलेली हिरडी बसते, आठवडाभर गार पाणी झिणझिणतं. हे आधी न सांगता काम उरकणारे आमच्यातही आहेत, तो दोष आमचा. पण थर तसाच ठेवला तर खालचं हाड झिजत राहतं.

नजरेचं थोडक्यात. वरच्या दाढेची संवेदना नेणारी नस वेगळी, दिसण्याची नस वेगळी. दाढा काढायचं आणि मोतीबिंदू पिकायचं वय मात्र एकच, म्हणून दोष दाढेवर येतो. दाढ काढताना काळजी घ्यायची ती दुसऱ्याच गोष्टींची. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर ती स्वतःच्या मनानं बंद करू नका, आम्हाला आणि तुमच्या डॉक्टरांना विचारा. हाडं ठिसूळ झाली म्हणून इंजेक्शन किंवा गोळ्या घेतल्या असतील तर आधी सांगा, कारण त्यातल्या काहींनंतर जबड्याची जखम भरत नाही असं होऊ शकतं.

आता मिसरी. यावर जरा थांबते, कारण आमच्या शहराच्या पूर्व भागात घरोघरी विड्या वळल्या जातात. मांडीवर सूप, सुपात तंबाखू. त्यातलीच चिमूटभर तव्यावर काळी होईस्तोवर भाजली की झाली मिसरी. माझ्याकडे येणाऱ्या एक अव्वा, म्हणजे आजी, दिवसातून चार वेळा लावायच्या. म्हणाल्या, “बंद केलं की रक्त येतंय बघा मॅडम. लावलं की थांबतंय. मग औषधच की ते!” निरीक्षण अगदी बरोबर, अर्थ उलटा. निकोटीननं हिरडीतल्या बारीक रक्तवाहिन्या आवळल्या जातात, म्हणून रक्त कमी दिसतं. आजार आत चालूच असतो, फक्त धोक्याचा कंदील विझतो. वर जिथं मिसरी घासता तिथली हिरडी सरकते, आणि तोंडाच्या कॅन्सरचा धोका आहेच. अव्वांनी पूर्ण सोडलेली नाही, चारावरून एकीवर आल्यात. तलफ असते ती, उपदेशानं जात नाही. सोडल्यावर पहिले काही दिवस रक्त जास्त दिसेल, एवढं सांगून ठेवलंय.

लिंबाचा रस अतिशय आंबट, त्याचा सामू (pH, आकडा जितका कमी तितकं आंबट) २ च्या आसपास. दाताचं कवच साडेपाचाच्या खाली विरघळायला लागतं, उघडं मूळ त्याहूनही आधी. त्यात मिठाचे खडे घासायचे म्हणजे पॉलिश पेपरच. मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्यांना माझी हरकत नाही, चोळायला आहे.

आणि त्या नव्वदीतल्या आज्या! ज्यांचे दात शाबूत होते त्या लक्षात राहिल्या, एवढंच. घरात पान कुटायचा तो इवलासा खलबत्ता कुणासाठी होता? कडक भाकरी आमटीत कुस्करून, मऊ पडेस्तोवर कुणाला वाढायचे? शिवाय तेव्हा दिवसाला चार कप गोड चहा आणि सोबत बिस्किटं नव्हती.

करायचं काय, तर मऊ ब्रश, फ्लोराईडची पेस्ट, दोन वेळा. त्यातली रात्रीची वेळ चुकवू नका. घासल्यावर थुंका, खळखळून चुळा नकोत. हात थरथरत असेल तर ब्रशच्या दांड्यावर सायकलच्या हँडलचं रबर चढवा, पकड येते. फटींसाठी बाटली धुवायच्या ब्रशसारखा बारका ब्रश मिळतो. बांगडीतली सेफ्टी पिन कृपा करून बांगडीतच राहू द्या.

राहिली कवळी. मेसेज दाखवणाऱ्या काकांची कवळी तेव्हा खिशात होती, रुमालात गुंडाळलेली. टोचते म्हणून. दात गेल्यावरही जबड्याचं हाड झिजत राहतं, त्यामुळे पाच-सात वर्षांपूर्वीची कवळी आज सैल होणारच. रात्री ती काढून, ब्रशनं धुऊन, साध्या पाण्यात ठेवायची. उकळतं पाणी घातलं की वाकडी होते. हिरड्या आणि जीभ ओल्या मऊ कापडानं पुसायच्या. काका तीन वर्षं ती घालूनच झोपत होते. टाळू लालभडक, बुरशीची लागण. पण मला जास्त खटकली ती खालच्या हिरडीवरची जखम.

“हे कधीपासून?”

“गड्ड्याला गेलतो बघा, तेव्हापासून.”

गड्डा म्हणजे आमची संक्रांतीची जत्रा, ती होऊन महिना उलटला होता. तोंडातली जखम दोन आठवड्यांत भरली नाही तर तपासून घ्यायची, मग ती दुखो वा न दुखो. मी कवळीची टोचणारी कड घासून दिली, ती काही दिवस घालू नका म्हटलं, आणि पंधरा दिवसांनंतरची तारीख दिली. तोवर भरली नाही तर तुकडा तपासायला पाठवावा लागेल, हेही सांगितलं. काका तंबाखू खातात.