प्रतिक्रियेला उत्तर: अकरा सेकंद आणि सात टोमॅटो

नौपाडाकर, नमस्कार.

उत्तराला आठ दिवस लागले. पहिलं उत्तर त्याच रात्री लिहिलं होतं, चांगलं झणझणीत. नेमकं तेव्हाच नेट गेलं, हे बरंच झालं म्हणायचं.

ज्यांनी मूळ प्रतिक्रिया वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. ‘घसरलं, उडालं, निसटलं’ या माझ्या लेखात ठाणे-नवी मुंबईत टिपलेले फजितीचे नऊ फोटो होते. त्यावर नौपाडाकरांचं म्हणणं असं, की लोकांच्या पडण्या-धडपडण्याला हसणं ही विकृती आहे आणि वंदना डेपोजवळच्या पाण्यात छत्री उलटलेल्या काकूंचा फोटो हा तिचा कळस. ‘पिशवी फाटून त्यांची भाजी वाहत चाललीये आणि तुम्ही फोटो काढताय. कॅमेरा गळ्यात सोडून दोन हात मोकळे करता आले नाहीत?’ पुढे, यात कौशल्य कसलं, हल्लीचा कॅमेरा सेकंदाला दहा फोटो काढतो, माकडाच्या हातात दिला तरी एखादा लागतोच. शिवाय विनापरवानगी फोटो काढणं गुन्हा आहे. आणि जाता जाता फ्रेंच फोटोग्राफर कार्तिए-ब्रेसाँचं नाव घेऊन ‘ती कला, ही टवाळी’ असा शेरा.

माकडापासून सुरुवात करतो, कारण तिथे तुम्ही साफ चुकलात.

फजितीच्या जागा ठरलेल्या असतात. तलावपाळीला बोटी सुटतात त्या धक्क्यावर रविवारी संध्याकाळी नुसते जाऊन बसा. बाबा आधी पोरांना बोटीत उतरवतात, मग बायकोला हात देतात, आणि शेवटी स्वतः, जरा रुबाबात, एक पाय बोटीत टाकतात. दुसरा पाय उचलायचा तर धक्क्याला रेटा द्यावा लागतो. धक्का बिचारा जागचा हलत नाही, हलते ती बोट. दोन पायांतलं अंतर वाढायला लागतं. चेहऱ्यावर आधी काहीच नसतं, मग एकदम गणित दिसतं, आणि मग दोन्ही हात पंख्यासारखे फिरू लागतात. बोटवाला सराईतपणे बोट पायानेच परत ओढतो, त्यामुळे पाण्यात पडताना मी अजून कुणाला पाहिलेलं नाही. पण ते गणित सुटतानाचा चेहरा मिळवायला मला तीन रविवार लागले. फोकस आधीच धक्क्याच्या कडेवर लावून ठेवायचा, शटर सेकंदाच्या एक हजारांशावर, आणि बसायचं डास मारत.

कारण डोळ्यांना दिसल्यावर बोटाने बटण दाबेपर्यंत सेकंदाचा पाचवा हिस्सा तरी जातोच. म्हणजे घडताना पाहून दाबलंत तर घडून गेलेलं मिळतं. सेकंदाला दहा फोटो घेतले तरी दोन फोटोंच्या मध्ये एक दशांश सेकंदाची फट उरते, आणि ढोल वाजवणाऱ्याच्या हातून सुटलेलं टिपरू तेवढ्यात हातभर पुढे गेलेलं असतं. (काही महागड्या कॅमेऱ्यांत बटण अर्धं दाबून ठेवलं की ते आधीचे क्षणही साठवत राहतात. माझा सेकंडहँड आहे, तो फक्त किरकिरतो.) तेव्हा दाबायचं ते घडण्याच्या आधी. कोणाचा फेटा सैल झालाय, वारा कुठल्या कोपऱ्यावरून वळतोय, कुल्फी काडीवरून किती कललीये, हे बघत राहणं म्हणजेच हा छंद. माकडाला तेवढा धीर नसतो. येऊरच्या जंगलातलं माकड तर कुल्फीच घेऊन जाईल.

आता ब्रेसाँ. तुम्ही म्हणता तो १९३२चा फोटो, पॅरिसच्या सेंट-लाझार स्टेशनमागचा, डबक्यावरून उडी मारणारा माणूस. तो मीही कितीदा बघितलाय. त्या फोटोत माणूस पडलेलाच नाही, भिजलेलाही नाही! त्याची टाच पाण्याला टेकायला केसभर बाकी आहे. पुढचं ‘चुबुक’ आपण आपल्या डोक्यात वाजवतो. आणि तो माणूस कोण होता, त्याला कोणी विचारलं होतं का, याचा पत्ता नाही. म्हणजे तुमच्या तिसऱ्या कलमाखाली पहिला आरोपी तोच.

तुम्हाला खरं म्हणजे जाक-आंरी लार्तिगचं नाव घ्यायला हवं होतं, आणि मी जरा अडचणीत आलो असतो. हा आमच्या जमातीचा मूळपुरुष, हौशी फोटोग्राफर. जन्म १८९४. वडिलांनी लहानपणीच हातात कॅमेरा दिला आणि पोरगं घरातल्यांच्या उड्या टिपत सुटलं. जिन्यावरून झेपावणारी नात्यातली बहीण, घरी बनवलेल्या गाड्या नि विमानांवरून आपटणारा भाऊ. १९१२च्या सुमारास त्याने शर्यतीतल्या एका गाडीचा फोटो काढला, कॅमेरा गाडीबरोबर फिरवत. त्या कॅमेऱ्यात शटरची फट काचेवरून सरकत जायची, त्यामुळे चित्राचा प्रत्येक पट्टा किंचित वेगळ्या वेळेचा. परिणाम असा, की गाडीचं चाक पुढे झुकलंय आणि मागचे प्रेक्षक उलट्या बाजूला कललेत. त्याला तो फसलेला फोटो वाटला, बाजूला टाकून दिला. आज वेगाचं चित्र म्हणून तोच दाखवतात. (मोबाइलमध्ये पंख्याची पाती वाकडी येतात, त्याचंही कारण तेच.) १९६३मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात त्याचं प्रदर्शन भरलं तेव्हा हा गृहस्थ सत्तरीला टेकला होता.

मी अडचणीत आलो असतो ते यासाठी, की लार्तिगच्या त्या फोटोंतली माणसं त्याच्या घरची होती. उडी मारणारीला माहीत होतं की जाक खाली कॅमेरा घेऊन बसलाय, संध्याकाळी सगळे मिळून हसणार आहेत. रस्त्यावरच्या माणसाशी आपला असा काही करार नसतो. तो मी माझ्यापुरता एका साध्या रीतीने करून घेतो: फोटो काढला की जाऊन दाखवायचा. कॅमेऱ्याचा स्क्रीन त्यांच्यापुढे धरायचा आणि तोंडाकडे बघायचं. हसले तर ठेवायचा, नाही तर तिथेच त्यांच्यासमोर पुसायचा. गुढीपाडव्याच्या शोभायात्रेतला तो पोरगा, टिपरू उडाल्यावरही अर्धा ठेका रिकाम्या हाताने वाजवणारा, त्याने फोटो तिथल्या तिथे मागून घेतला आणि डीपी लावला. बोटीवाल्या बाबांनी बायकोला बोलावून दाखवला, ती इतकी हसली की त्यांना जरा राग आला, पण फोटो ठेवा म्हणाले. पामबीच रोडवर स्कूटरवरून सनमायका नेणारे जे दोघं आहेत, वाऱ्याने ज्यांचं शीड झालंय, त्यांनी मात्र नको म्हटलं होतं. मग मान वळलेला फोटो घेतला, चेहरा दिसत नाही असा.

कायद्याचं म्हणाल तर, खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २०१७मध्ये सांगितलंय, आणि माणूस रस्त्यावर आला म्हणून तो हक्क घरी राहत नाही. पण रस्त्यावरचा प्रत्येक फोटो गुन्हा, असंही नाही. या वादात मला रस नाही. कायद्यात बसणारे कितीतरी फोटो मी लावत नाही.

उदाहरण द्यायचं तर दहीहंडी. २०१२ साली ठाण्यातच नऊ थरांचा विक्रम झाला, ४३.७९ फूट, गिनेसमध्ये नोंद झाली. तेव्हापासून दर गोपाळकाल्याला इथे कॅमेऱ्यांचीही हंडी लागते. थर कोसळतात तेव्हा दृश्य विलक्षण असतं, हवेत सात-आठ माणसं, कोणाचा पाय कोणाच्या कानाला. माझ्या हार्डडिस्कवर तसे पुष्कळ आहेत. एकही लावलेला नाही. वरून येणाऱ्याची मान कशी पडणार हे फोटोत ठरलेलं नसतं, आणि दुसऱ्या दिवशीच्या पेपरात जखमींचा आकडा येतो. त्याला फजिती म्हणत नाहीत.

हे सगळं त्या पहिल्या रात्रीच्या उत्तरातही होतं. शेवटी काकूंचा मुद्दा होता, आणि तिथे मी लिहिलं होतं, ‘अर्ध्या सेकंदात फोटो काढला आणि लगेच धावलो, टोमॅटो मीच गोळा करून दिले.’ पुरावा म्हणून मूळ फाइलवरची वेळ द्यावी म्हटलं आणि फोल्डर उघडलं.

पहिला फोटो ६ वाजून ४२ मिनिटं ७ सेकंद. छत्री नुकतीच उलटलीये. शेवटचा, चौदावा, ६ वाजून ४२ मिनिटं १८ सेकंद. अकरा सेकंद, नौपाडाकर. चौथ्या फोटोत पिशवीचा तळ सुटतो. सहाव्यात काकू इकडेतिकडे बघतायत, कोणी आहे का. नवव्यात त्या थेट माझ्याकडे बघतायत. तो फोटो मी निवडताना बाजूला ठेवला होता, ‘नजर कॅमेऱ्यात गेली’ म्हणून. मला स्वतःला त्या रात्रीपर्यंत प्रामाणिकपणे वाटत होतं की मी लगेच धावलो होतो.

आणि दाखवायची रीत? पाऊस होता, कॅमेरा रेनकोटात घातला, टोमॅटो हातात दिले आणि निघालो. घरी येऊन थेट लेखात.

तुमचा पहिला मुद्दा सगळ्या नऊ फोटोंना लागू होतो असं मी अजूनही मानत नाही. पण या एका फोटोला तो लागू होतो, पुरेपूर. फोटो त्याच रात्री काढून टाकला. त्या जागी आता जो दिसतोय तो माझा आहे. सीवूड्सला खाडीकाठच्या पाणथळीवर फ्लेमिंगो बघायला गेलो होतो, ट्रायपॉड सावरत मागे सरकलो आणि गाळात गुडघ्यापर्यंत गेलो. सोबतच्या मित्राने काढलाय. माझी एक चप्पल मागे तरंगतीये आणि एक बगळा तिच्याकडे पाहतोय. तो फोटो आमच्या ग्रुपवर पडला तेव्हा मी दोन दिवस कुणाशी धड बोललो नव्हतो, हेही सांगून टाकतो. वाटलं होतं, निदान आधी हात तरी द्यायचा.

आठ दिवस लागले ते काकूंना शोधण्यात. नाव-पत्ता काही नव्हतं, पण फोटोत मागे भाजीची गाडी दिसते. त्या भाजीवाल्याला फोटोची प्रिंट दाखवली. तो म्हणाला, मंगळवारी येतात, शेपू घेतात. मंगळवारी साडेसहाला जाऊन उभा राहिलो. काकू आल्या. मी सगळं सांगितलं, लेखाचं, किती लोकांनी पाहिला त्याचं, तुमच्या प्रतिक्रियेचंसुद्धा. त्यांनी चष्मा लावून प्रिंट बराच वेळ पाहिली. हसतील असं मला वाटत होतं, खोटं कशाला बोलू. त्या म्हणाल्या, “छत्री नवी होती. सुनेने आणलेली.” मग म्हणाल्या, “हा परत कुठे लावू नका. पिशवी फाटकी दिसतीये.” मी बरं म्हटलं. प्रिंट त्यांनी घडी घालून पर्समध्ये ठेवली. त्यांच्याबद्दल एवढं लिहू का, तेही विचारलं. “लिहा, नाव नको,” म्हणाल्या.

मी वळलो तर मागून हाक आली. “आणि टोमॅटो सात होते. तुम्ही पाचच दिलेत.”

घरी येऊन चौदावा फोटो मोठा करून पाहिला. डाव्या कोपऱ्यात, गटाराच्या जाळीला अडकून, दोघंही दिसतायत.